धिंगरी आणि घरगुती अळिंबी लागवड: एक मागोवा

भारतातील अळिंबी लागवडीचा इतिहास सांगताना बहुधा हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ साली सुरू झालेल्या बटण अळिंबीच्या योजनेला अग्रमान दिला जातो. परंतु घरच्या घरी अळिंबी पिकवण्याच्या प्रथेचा उगम शोधायचा झाल्यास म्हैसूरकडे वळणे अधिक उचित ठरते. बटण अळिंबीला काड कुजवून तयार केलेले कंपोस्ट लागते, त्यावर केसिंग म्हणजे मातीचा पातळ थर द्यावा लागतो आणि फळधारणेच्या काळात तापमान १४ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते, त्यामुळे थंड हवेचा प्रदेश किंवा वातानुकूलित खोली यांबाहेर तिचा फारसा प्रसार झाला नाही. याउलट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावरील धिंगरी या अळिंबीच्या लागवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हे पीक सामान्य माणसाच्या आटोक्यात येण्याची वाट मोकळी झाली.

धिंगरीची बुरशी पेंढ्यातील सेल्युलोज व लिग्निन ही चिवट द्रव्ये स्वतःच विघटित करते, म्हणून कुजवण्याची खटपटच उरत नाही. पेंढ्याचे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे तुकडे रात्रभर भिजवून सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले, निथळून गार केले आणि प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने बियाणे घालून भरले, की पंधरा ते वीस दिवसांत पांढऱ्या तंतूंनी पेंढा घट्ट बांधला जातो. या गठ्ठ्यालाच बेड म्हणतात. नवशिक्याचे पहिले पीक बहुधा बिघडते ते पाण्यामुळे, कारण मुठीत दाबल्यावर धार लागेल इतका ओला पेंढा भरला, तर हिरवी बुरशी आधी माजते. काढणीही छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच करावी लागते, अन्यथा सूक्ष्म बीजाणू हवेत पसरून बंद खोलीत वावरणाऱ्यांना खोकला व ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो, ही गोष्ट उत्साही प्रचारात सहसा सांगितली जात नाही.

बियाणे ही मात्र या व्यवसायाची जुनी अडचण होय. स्पॉन या नावाने विकले जाणारे हे बियाणे म्हणजे निर्जंतुक केलेल्या गहू किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी असून, दाण्यांवरील स्पॉनची पद्धत अमेरिकेत सिंडेन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. त्यासाठी प्रयोगशाळेची शिस्त लागत असल्याने पेंढा घरचा असला, तरी बियाणे विकतचेच राहिले.

महाराष्ट्रात पावसाळा व हिवाळा धिंगरीला मानवतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र बेड सुकतात. ती पोकळी भरण्यासाठी तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये प्रसारित केलेला दुधी अळिंबीचा ‘एपीके-२’ हा वाण पुढे आला, जो ३० ते ३५ अंशांतही फळतो. पण धिंगरीने ज्यातून सुटका केली होती, तो केसिंगचा थर त्याला पुन्हा द्यावाच लागतो.