कॅसेट बदलली की खेळ बदलला!

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आपल्या पोरांनीही खेळला आहे. एक डबी काढायची, दुसरी खोचायची. मुले तिला कॅसेटच म्हणत. ही सोय प्रथम बाजारात आणणाऱ्या तुकडीचा प्रमुख जेरी लॉसन नावाचा कृष्णवर्णीय इंजिनिअर होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

लॉसन यांचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कमधला. वडील गोदी कामगार, पण विज्ञान वाचण्याचा भारी नाद. पहिलीच्या बाईंनी कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चित्र लहानग्या जेरीच्या बाकाशेजारी लावले. ते त्यांच्या मनातून कधी पुसले गेले नाही. पुढे पोरवयातच लोकांचे टीव्ही दुरुस्त करून ते पैसे मिळवू लागले. कॉलेज केले, पदवी मात्र घेतली नाही.

१९७० साली ते फेअरचाइल्ड कंपनीत लागले. तेव्हा घरगुती यंत्रात खेळ ठरलेले असत. कंटाळा आला तरी तेच! कॅसेटची मूळ कल्पना अल्पेक्स या दुसऱ्या कंपनीची. पण पोरांनी शंभरदा काढली-खोचली तरी टिकेल असा पक्का माल लॉसन यांच्या तुकडीने केला. १९७६ मध्ये ‘चॅनेल एफ’ विक्रीस आला. पुढल्याच वर्षी अटारीचे यंत्र आले आणि नाव, पैसा तिकडे गेला.

त्यांचे काम ऐकून असलेले लोक प्रत्यक्ष भेटीत त्यांचा रंग पाहून चकित होत, असे लॉसन सांगत. या व्यवसायातील संघटनेने त्यांचा सत्कार केला तो मार्च २०११ मध्ये. त्यानंतर महिन्याभरातच, ९ एप्रिलला, ते वारले.