तुमची गेममधली जन्मतारीख काय?

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुमची जन्मतारीख काय?

थांबा, थांबा. शाळेच्या दाखल्यावरची नकोय मला. गेममधली सांगा!

हसलात ना? वाटलंच होतं. नवा गेम मोबाइलवर घेतला की तो आधी जन्मतारीख विचारतो. दिवसाच्या चाकावर १ असतो, महिन्याच्या चाकावर जानेवारी. त्यांना कोण हात लावतो! वर्षाचं चाक तेवढं बोटानं गर्रकन फिरवायचं, ते थांबेल तिथं थांबू द्यायचं आणि पुढे जायचं. आमचे भाचेराव अशा रीतीनं १ जानेवारी १९८५ रोजी जन्माला आले. आणि त्यांच्या मातोश्रींचा जन्म १९८६चा!

मुलगा आईपेक्षा मोठा आहे, हे आम्हाला कळलं ते मे महिन्याच्या सुट्टीत.

ताई आणि भाचा आमच्याकडे राहायला आले होते. भाचा बारा वर्षांचा, सातवीत जाणारा. दुपारची जेवणं झाली की हा ताईचा मोबाइल घेऊन झोपाळ्यावर. कानात हेडफोन आणि तोंडानं अखंड बडबड. ‘मागे बघ, मागे बघ!’ ‘अरे, वाचव ना मला!’ पलीकडे वर्गातले मित्र असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एके दिवशी हेडफोनची वायर झोपाळ्याच्या कडीत अडकून निघाली, आणि मोबाइलमधून एका मोठ्या माणसाचा घोगरा आवाज आला, ‘‘और तेरा स्कूल कब छूटता है?’’

‘‘साढ़े पाँच,’’ भाच्याच्या तोंडून उत्तर गेलंसुद्धा.

मी हातातला पेपर खाली ठेवला. मोबाइल घेऊन आधी गेम बंद केला. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. गावाचं नाव सांगून झालं होतं, शाळेचं सांगून झालं होतं, आई नोकरीला जाते आणि संध्याकाळी सातला येते हेही. दहा-बारा दिवसांची ओळख. ‘‘पण मामा, तो चांगला आहे रे. मला स्किन गिफ्ट करणार आहे,’’ असं भाचा रडवेला होऊन सांगत होता. स्किन म्हणजे गेममधल्या खेळाडूचा भारीतला पोशाख.

तो माणूस कोण होता हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. असेल एखादा कॉलेजचा रिकामटेकडा पोरगा. नसेलही. ताईला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता मला सांगा, बारा वर्षांच्या मुलाशी असा कुणीही बोलू शकेल, अशी सोय गेमनं ठेवलीच कशी? मीही रागानं हाच प्रश्न विचारत सेटिंग उघडलं. आणि तिथं ती १ जानेवारी १९८५ दिसली. गेमच्या लेखी झोपाळ्यावर बसलेला हा पोरगा चांगला चाळिशीचा गृहस्थ होता. चाळिशीच्या गृहस्थाला कोण अडवणार?

‘‘ही तारीख कुणी टाकली रे?’’ मी दरडावलं.

भाचा गप्प. ताई म्हणाली, ‘‘मीच टाकली. मी पोळ्या लाटत होते, हा मागे लागला होता. खरी टाकली तर पुढेच जाऊ देईना. म्हटलं, जाऊ दे, कुठं सरकारी फॉर्म आहे!’’

आईबाबांनो, तुमच्यापैकी किती जणांनी हे केलंय ते मी विचारत नाही.

हे तेरा वर्षांचं कुंपण आलं कुठून, ते सांगतो. इंटरनेट नवं नवं होतं तेव्हा अमेरिकेत काही वेबसाइट बक्षिसाचं आमिष दाखवून मुलांना नाव, पत्ता, आवडीनिवडी विचारायच्या. त्यावर ओरड झाली आणि १९९८ साली तिथं कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘कोपा’ म्हणतात. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी आईवडिलांची परवानगी घ्या, असं हा कायदा सांगतो. बरेच गेम आणि ॲप अमेरिकेशी जोडलेले, त्यामुळे हा तेराचा आकडा आपल्या मोबाइलपर्यंत पोचला. तेराच्या आतली तारीख टाकली की गेम पालकांचा ईमेल मागतो, नाहीतर गप्पांची खिडकी बंद ठेवतो. आणि आपण काय करतो? चाक फिरवतो!

म्हणजे कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं समजू नका. फोर्टनाइट हा गेम तुम्हाला माहीतच असेल. तो बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठपका ठेवला, की गेम एवढी मुलं खेळतात हे ठाऊक असूनही बोलण्याची सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती आणि त्यामुळे मुलांची गाठ थेट अनोळखी माणसांशी पडत होती. डिसेंबर २०२२मध्ये कंपनीनं २७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. शिवाय गेममधली बटणं अशी मांडलेली, की चुकून एक दाबलं तरी खरेदी व्हायची! त्यापायी ग्राहकांना परत द्यायला आणखी २४ कोटी ५० लाख डॉलर. मुलांसाठी बोलण्याची सोय मुळात बंद ठेवायची, हेही कंपनीला मान्य करावं लागलं.

पण गंमत बघा. ही बंद सोय मिळणार कुणाला? ज्याची तारीख खरी आहे त्याला.

आपल्याकडेही तेच. पबजीवर आपल्या सरकारनं २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, ती तुमच्या मोठ्या भावंडांना आठवत असेल. त्याच गेमचा भारतासाठी केलेला अवतार मधल्या दुसऱ्या बंदीनंतर मे २०२३मध्ये परत आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना रोज तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घातलेली होती. म्हणजे थाप मारली की तीन तास बक्षीस!

२०२३मध्ये भारतात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात मूल म्हणजे तेरा नाही, अठरा वर्षांखालचं. मुलांची माहिती घ्यायला आईवडिलांची संमती हवी, आणि ती खरंच आईवडिलांची आहे हे तपासायलाही हवं. मूल काय बघतं, किती वेळ बघतं यावर पाळत ठेवायची नाही, त्यावरून हेरून त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि या तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली. कायदा मला आवडला. पण १९८५ साली जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलाला तो ओळखणार कसा, हा प्रश्न उरतोच.

हे सगळं मी भाच्याला रात्री जेवताना ऐकवत होतो. तो इतका वेळ खाली मान घालून वरणभात कालवत होता. एकदम म्हणाला, ‘‘मामा, तूच म्हणतोस ना, अनोळखी माणसाला खरी माहिती सांगायची नाही? मग गेमची कंपनी काय आपल्या ओळखीची आहे?’’

घ्या! मला पटकन उत्तर सुचेना, कारण पोरगं अगदीच चुकीचं बोलत नव्हतं. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशनच्या जाळ्यात एप्रिल २०११मध्ये चोर शिरले. ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती त्यांच्या तावडीत सापडली. नावं, पत्ते आणि जन्मतारखासुद्धा. पासवर्ड चोरीला गेला तर नवा घेता येतो. जन्मतारीख नवी कुठून आणणार?

त्याआधीची, जुलै २०१०ची आणखी एक गोष्ट. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीनं जाहीर केलं, की आमच्या चर्चेच्या फलकावर यापुढे प्रत्येकानं खऱ्या नावानंच लिहायचं. म्हणजे भांडणं, शिवीगाळ कमी होईल. खेळाडू खवळले. त्यात काय एवढं, हे दाखवायला कंपनीच्याच एका माणसानं आपलं खरं नाव तिथं लिहून टाकलं. झालं! नुसत्या नावावरून लोकांनी बघता बघता त्याच्या घरादाराची माहिती शोधून सगळ्यांसमोर मांडली. काही दिवसांतच कंपनीनं तो बेत गुंडाळला.

तेव्हा टोपणनाव घ्यायला माझी मुळीच हरकत नाही. जरूर घ्या! शाळेचं नाव, गाव, फोटो, काही देऊ नका. वयाचं तेवढं वेगळं. नाव लपवलं की तुम्ही झाकले जाता, आणि वय वाढवलं की मोठ्यांच्या रांगेत एकटे जाऊन उभे राहता. भाच्याला हे पटलं की नाही, देव जाणे. तो म्हणाला, ‘‘मग त्यांनी नुसतं ‘लहान की मोठा’ एवढंच विचारावं. तारीख कशाला?’’ हे मात्र मला पटलं.

ताईचं म्हणणं सरळ होतं. ‘‘आधार कार्ड मागा. नाहीतर चेहरा बघा. कटकटच मिटली!’’

मिटते का, बघू. चीनमध्ये गेम खेळायला खरं नाव आणि ओळखपत्राचा नंबर लागतो. सप्टेंबर २०२१पासून तिथं अठराखालच्या मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ एवढाच तास. मुलांनी काय केलं? आजीआजोबांच्या नावानं खेळायला सुरुवात! टेन्सेंट या मोठ्या कंपनीनं तर त्याच वर्षी रात्री उशिरा खेळणाऱ्यांचा चेहराच तपासायला घेतला. आता बघा, थाप मारणार पोरं आणि कॅमेऱ्यापुढे तोंड दाखवणार सगळे.

ब्रिटनमध्ये जुलै २०२५मध्ये काही वेबसाइटवर वय तपासायची सक्ती झाली. तिथल्या काही बहाद्दरांनी आपल्या चेहऱ्याऐवजी डेथ स्ट्रँडिंग या गेममधल्या नायकाचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला, आणि तो चाललासुद्धा! हे वाचून मी पोट धरून हसलो. पण पुढची बातमी हसण्यासारखी नव्हती. गेमवाली मंडळी गप्पांसाठी डिस्कॉर्ड वापरतात. वयाच्या पुराव्यासाठी लोकांनी तिथं ओळखपत्रांचे फोटो दिले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये कंपनीनं सांगितलं, की काम दिलेल्या बाहेरच्या संस्थेकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. इमानदारीत पुरावा देणारेच बिचारे सापडले.

आपल्याकडे के. एस. पुट्टस्वामी नावाचे एक निवृत्त न्यायमूर्ती होते. वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ साली, ते आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. माणसाचा म्हणजे मुलांचाही, बरं का! तेव्हा ‘आधार द्या आणि मोकळे व्हा’ हे ताईचं म्हणणं मला इतकं सोपं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तारीख दुरुस्त करायला बसलो. गेमनं उत्तर पाठवलं: मुलाच्या ओळखपत्राचा फोटो पाठवा. भाच्याकडे होतं शाळेचं ओळखपत्र. त्यावर फोटो, शाळेचं नाव, घरचा पत्ता, ताईचा फोन नंबर, रक्तगटसुद्धा! ताईनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत दप्तरात टाकलं. आधारचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

मग एकच वाट उरली. जुनं खातं पुसायचं, खऱ्या तारखेनं नवं काढायचं. दोन वर्षं खेळून मिळवलेली ४१वी पातळी गेली, पोशाख गेले, सोनेरी शिरस्त्राण गेलं. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आमरसाच्या वाटीकडेही बघितलं नाही, म्हणजे काय ते समजा! तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच तोडगा काढला. वर्गातल्या तीन मित्रांना साधा फोन लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि बाजूला माझ्या मोबाइलवर गेम. आता सगळ्यांचा आरडाओरडा अख्ख्या घराला ऐकू येतो. आमच्या आजोबांची दुपारची झोप गेली ती गेलीच.

या सगळ्या गोंधळात आजोबा पहिल्या दिवसापासून गालातल्या गालात हसत होते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या मंडळींच्या जन्मतारखा एकदा विचारून बघा. ‘एक जून’ असं उत्तर किती वेळा येतं ते मोजा! त्या काळी मूल कधी जन्मलं याची नोंद कोण ठेवणार? शाळेत घालायला नेलं, की गुरुजी वय पुरं होईल असं बघून एक जून लिहून मोकळे व्हायचे. आजोबांची कागदावरची तारीख १ जून १९४६. खरा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, श्रावणातला. जिल्हा परिषदेत कारकून होते. कागदावर अठ्ठावन्न वर्षं भरली म्हणून ३१ मे २००४ला निवृत्त झाले.

‘‘सव्वा वर्षाचा पगार खाल्ला त्या गुरुजींनी माझा,’’ असं ते अजून म्हणतात.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी झोप येईना म्हणून आजोबाच झोपाळ्यावर येऊन बसले. ‘‘काढून दे रे मलाही एक खातं,’’ असं नातवाला म्हणाले. भाच्यानं गेम उघडला आणि जन्मतारखेच्या चाकावर बोट ठेवून विचारलं, ‘‘आजोबा, कुठली टाकू? कागदावरची की खरी?’’

‘‘खरी. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्या श्रावणातली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची.’’

भाचा वर्षाचं चाक फिरवत बसला. २०००, १९८०, १९६०... ‘‘बाप रे, अजून किती मागे!’’