धरणारे हात आणि कापणारी कात्री

वाचकहो, आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीचा तुकडा तोंडात घोळवून पाहा. गिळण्याची घाई मात्र करू नका. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. लाळेतील एक विकर भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवीत असते. विकराची खुबी ही, की ते स्वतः खर्ची पडत नाही. एक काम उरकले की लागलीच दुसऱ्यास भिडते.

रक्तातील प्रतिपिंडांचा धर्म निराळा. परका जंतू दिसला की त्यास घट्ट धरावयाचे. पुढचा निकाल इतरांनी लावावयाचा. मी काही शास्त्र शिकविणारा नव्हे, पण शाळेत आम्ही असेच पढलो. १९८६ साली अमेरिकेत लर्नर आणि शुल्ट्झ यांच्या प्रयोगशाळांनी विकराचे काम करणारे प्रतिपिंड मुद्दाम घडविले. ते माणसाचे कसब म्हणून सोडून देता आले असते. पण १९८९ साली सुधीर पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या रक्तातच, कोणी न घडविलेले असे प्रतिपिंड आढळले. शरीरातलेच एक लहानसे प्रथिन ते तोडीत होते! पुढे निरोगी मातांच्या दुधातही असे प्रतिपिंड मिळाले.

हे नुसते नवल नव्हे. हिमोफिलिया झालेल्या मुलाचे घ्या. रक्त गोठण्यास लागणारे 'फॅक्टर आठ' हे प्रथिन त्यास बाहेरून टोचावे लागते, आणि ते फार महाग. काही मुलांचे शरीर त्यालाच परके समजून प्रतिपिंड तयार करते. मग औषध लागू पडेनासे होते. मुंबईत परळला, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अशा प्रतिपिंडांची तपासणी होते. १९९९ साली पॅरिसमधील लाक्रुआ-देमाझ, श्रीनिवास कावेरी आदींनी दाखविले, की काही रुग्णांचे प्रतिपिंड फॅक्टर आठला नुसते धरीत नाहीत, त्याचे तुकडे करतात. २००२ साली त्यांनी तपासलेल्या अशा २४ रुग्णांपैकी १३ जणांत हे दिसले. फरक ध्यानात घ्या. नुसता धरणारा प्रतिपिंड दोन हातांनी दोनच कण अडवील. कापणारा एक संपवून पुढच्याकडे वळेल. खऱ्या विकरापुढे ही कात्री बोथटच, पण ती कित्येक दिवस रक्तात फिरत राहते.

मग यांना शत्रूच म्हणावे काय? थांबा. याच मंडळींनी २००५ साली रक्तात जंतुदोष भिनलेले रुग्ण तपासले. ज्यांच्या प्रतिपिंडांत कापण्याची शक्ती अधिक, ते अधिक संख्येने वाचले होते. आता ते त्यामुळेच वाचले, की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने एकत्र आल्या, हे नुसत्या अशा गणतीवरून ठरत नाही. त्यास निराळे प्रयोग लागतात.