कापलेलं कडवं

यवतमाळच्या कापसाची गोष्ट मागे न्यायला लागलं की ती मिसिसिपीला जाऊन भिडते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस लँकशरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर गेली. युद्ध संपल्यावर भाव उतरले, कापूस मात्र राहिला. 1905पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळाची गाडी आली, तीही मुख्यतः कापूस वाहायला. तीच आपली शकुंतला.

त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल आहे. आपल्या पांढरकवड्यासारखंच कापसावर जगलेलं गाव. 1931 साली तिथं एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी गायक सॅम कुक जन्मला. तो दोन वर्षांचा असताना घरच्यांनी शिकागो गाठलं. पुढे 1944 मध्ये याच क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात पेरणीपासून गठाणीपर्यंतचं सगळं पीक यंत्रांनी काढून दाखवलं गेलं. आपल्याकडे वेचणी आजही बायांच्या हातांवर आणि किलोच्या हिशेबावर चालते.

सॅम ‘सोल स्टिरर्स’ या भक्तिगीतांच्या चमूत गायचा. धंद्याची गाणी म्हणायची वेळ आली तेव्हा पहिली तबकडी त्यानं ‘डेल कुक’ या खोट्या नावानं काढली. भजनी मंडळातल्या बुवानं तमाशाच्या फडावर उभं राहावं, तसाच तो प्रकार होता. आवाज लपला नाही. 1957 मध्ये ‘यू सेंड मी’ ही तबकडी त्याच्या खऱ्या नावानं आली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. चर्चमधली ती आर्त आळवणी रिदम अँड ब्लूजच्या ठेक्यावर आली, त्यालाच पुढे सोल म्हणू लागले.

ऑक्टोबर 1963 मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलानं कुकला खोली नाकारली. त्यानं तिथून हलायला नकार दिला, तर शांतताभंगाच्या नावाखाली अटक झाली. तोवर बॉब डिलनचं ‘ब्लोइंग इन द विंड’ त्याच्या मनात घर करून होतं. असं गाणं एका गोऱ्या पोरानं लिहावं आणि आपण लिहू नये, ही बोच होती. 30 जानेवारी 1964 रोजी हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत ‘अ चेंज इज गॉना कम’ ध्वनिमुद्रित झालं. रेने हॉल यांनी व्हायोलिनं आणि फ्रेंच हॉर्न घेऊन त्याची मोठी, सिनेमासारखी मांडणी केली. हे गाणं असलेला अल्बम त्याच वर्षी आला. 11 डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलात गोळी लागून कुक मेला, वय 33. त्यानंतर 11 दिवसांनी, 22 डिसेंबरला, सिंगल बाजारात आलं.

आणि तेही ‘शेक’ नावाच्या नाचगाण्याच्या मागच्या बाजूला. शिवाय एक कडवं कापून! कोणतं? सिनेमाला किंवा गावातल्या मुख्य बाजाराकडे गेलं की कुणीतरी ‘इथं थांबू नकोस’ म्हणून हाकलतं, हे सांगणारं. वेळेची सबब मला पटत नाही. पूर्ण गाणं साधारण सव्वातीन मिनिटांचं. मिनिटाला 45 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर ते सहज मावलं असतं. रेडिओवाल्यांना ते कडवं जड जाईल, अशी धास्ती असावी, असा माझा तर्क. तसं झालं असेल, तर कापलं गेलं ते नेमकं गाण्याचं हाड.

वऱ्हाडातल्या ज्या वाचकाला पाणवठा, देऊळ, हॉटेलातली वेगळी कपबशी ठाऊक आहे, त्याला हे कडवं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 1927 साली महाडला चवदार तळ्यावर जे घडलं, तेही ‘इथं थांबू नकोस’ला दिलेलं उत्तरच होतं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. 1972 मध्ये दलित पँथरनं नावच अमेरिकेतून घेतलं. पण गाण्याच्या बाबतीत आपण त्यांच्या मागे नव्हतो. आंबेडकरी जलसे सॅमच्या सिंगलच्या कितीतरी आधीपासून गावोगाव फिरत होते, आणि वामनदादा कर्डक गायला उभे राहिले की कडवी किती म्हणायची हे दादाच ठरवायचे. तिथं ना मिनिटांचं बंधन होतं, ना तबकडीची मागची बाजू.