अणू, रेणू आणि परमाणू : रायपूरमधील मराठी विद्यार्थ्याचे पहिले भौतिकशास्त्र

रायपूर शहराच्या पूर्व भागातील शंकर नगर या वस्तीत राहणारा मराठीभाषक विद्यार्थी विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतो, तेव्हा त्याला बहुधा शहराच्या पश्चिमेकडे, ग्रेट ईस्टर्न रोडवर जावे लागते. 1948 मध्ये सुरू झालेले शासकीय विज्ञान महाविद्यालय आणि 1964 मध्ये स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ याच मार्गावर आहेत. अंतर काही किलोमीटरांचेच. परंतु तेवढ्यात तो तीन भाषांच्या प्रदेशांतून जातो. घरी मराठी, वर्गातील विवेचन हिंदीत, आणि संदर्भग्रंथ प्रायः इंग्रजीत. भौतिकशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाचे आकलन होताना या त्रैभाषिक स्थितीचा नेमका कोणता परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या स्थितीला इतिहास आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि 1854 पर्यंत तो कमीअधिक स्वरूपात राहिला. पुढे रेल्वे, सरकारी नोकऱ्या आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांमुळे मराठी कुटुंबे येथे येत राहिली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, रायपूर हिंदी राज्यात राहिले. विज्ञानाच्या परिभाषेचे कार्यही दोन स्वतंत्र मार्गांनी झाले. महाराष्ट्रात 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, तर केंद्र शासनाने 1961 मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. दोन्हीकडे शब्दांचा मुख्य स्रोत संस्कृत हाच होता.

स्रोत एकच असल्याने बहुसंख्य संज्ञा समान आहेत. बल, वेग, त्वरण, संवेग, जडत्व, घर्षण, आयाम, सदिश आणि अदिश हे शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाने वापरले जातात. काही संज्ञा भिन्न, पण निरुपद्रवी आहेत. मराठीतील ‘वस्तुमान’ हिंदीत ‘द्रव्यमान’ होते, ‘तरंगलांबी’चे ‘तरंगदैर्घ्य’ होते. येथे शब्द अनोळखी असल्याने विद्यार्थी थांबतो, विचारतो आणि पुढे जातो. खरी अडचण उद्भवते ती शब्द ओळखीचा आणि अर्थ मात्र वेगळा असतो तेव्हा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘अणू’ हे होय. मराठीत मूलद्रव्याचा लघुतम कण म्हणजे अणू आणि अणूंच्या संयोगातून होणारा कण म्हणजे रेणू. ‘अणुरेणू’ हे जोडपद मराठी माणसाच्या कानाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. हिंदीने मात्र वैशेषिक दर्शनातील ‘परमाणु’ ही संज्ञा त्या लघुतम कणासाठी घेतली आणि ‘अणु’ हा शब्द मराठीतील रेणूच्या अर्थी योजला. आता दोन ग्रॅम हायड्रोजनमध्ये किती ‘अणु’ आहेत, असा प्रश्न हिंदी प्रश्नपत्रिकेत आला असे समजू. अपेक्षित उत्तर सुमारे 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात एवढे आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असल्याने मराठी अर्थ मनात धरणारा विद्यार्थी बरोबर याच्या दुप्पट संख्या लिहील. त्याचे गणित चुकलेले नसते, संकल्पनाही चुकलेली नसते. तरीही उत्तर चुकते.

‘ताप’ या शब्दाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हिंदी पाठ्यपुस्तकात ‘ताप’ म्हणजे तापमान आणि ‘ऊष्मा’ म्हणजे उष्णता. मराठी मनाला मात्र ‘ताप’ हा शब्द उष्णतेच्या जवळचा वाटतो. पेलाभर आणि बादलीभर पाणी 60 अंश सेल्सिअसला असेल, तर दोहोंचे तापमान समान असते. परंतु ते थंड होताना बाहेर पडणारी उष्णता बादलीच्या बाबतीत कितीतरी अधिक असते. पहिल्या अभ्यासक्रमात दृढ व्हावयाचा हाच भेद शब्दसाम्यामुळे पुसट होतो. त्याचप्रमाणे हिंदीतील ‘भार’ म्हणजे वजन, ‘आवेश’ म्हणजे विद्युत प्रभार, ‘आवृत्ति’ म्हणजे वारंवारता आणि ‘वायु’ म्हणजे हवा. मराठी वाचकाला यांतून अनुक्रमे ओझे, जोश, पुस्तकाची आवृत्ती आणि पदार्थाची एक अवस्था सुचते.

हा प्रश्न केवळ भाषांतराचा आहे, असे मानणे योग्य होणार नाही. भौतिकशास्त्र स्वतःही हेच करीत असते. डोक्यावर चाळीस किलोग्रॅमचे ओझे घेऊन फलाटावर स्तब्ध उभा असलेला हमाल घामाघूम होतो; तरी विस्थापन शून्य असल्याने त्याने ओझ्यावर लावलेल्या बलाने केलेले कार्य शून्य ठरते. व्यवहारात बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. शास्त्रात मात्र त्यांची एकके अनुक्रमे न्यूटन, वॅट आणि ज्यूल अशी भिन्न आहेत. परिचित शब्दाचा परिचित अर्थ बाजूला ठेवून त्याची व्याख्या स्वीकारणे, हे या विषयाच्या प्रत्येक नवागताचे पहिले काम असते. एकभाषक विद्यार्थ्याला ते एकदा करावे लागते, रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याला दोनदा.

यावरील उपायही भौतिकशास्त्रातच आहे. पन्नास किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीचे वजन पृथ्वीवर सुमारे 490 न्यूटन, तर चंद्रावर सुमारे 81 न्यूटन भरते. एकक लिहिले की ‘भार’ आणि ‘द्रव्यमान’ यांत गफलत होण्यास वाव उरत नाही. म्हणून विद्यार्थ्याने वहीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी संज्ञांबरोबरच व्याख्या आणि एकक अशीही दोन सदरे ठेवावीत. अध्यापकांनीही विद्यार्थ्याचे चुकलेले उत्तर पाहताना त्याने प्रश्नातील शब्द कोणत्या भाषेत वाचला, हे एकदा विचारावे. दुप्पट आलेल्या एका संख्येवरून ‘या मुलाला विषय कळत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला, तर विद्यार्थी विज्ञानाकडे पाठ तरी फिरवतो किंवा घरची भाषा ही अडचण मानून ती टाकून तरी देतो. या दोन्हींतील कोणतीही हानी अपरिहार्य नाही. दोन भाषांतील अंतर ज्याला जाणीवपूर्वक दाखविले गेले, तो विद्यार्थी शब्दापेक्षा व्याख्येवर विसंबण्यास इतरांच्या आधी शिकतो.