हॅरी मॅलिन : एका हौशी मुष्टियोद्ध्याची कसोटी

मुष्टियुद्ध म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें रक्ताळलेले चेहरे आणि पैशाच्या थैल्या उभ्या राहतात. परंतु या खेळाला दुसरेंहि एक अंग आहे. ठोशाबद्दल एक पैहि न घेणाऱ्या हौशी मुष्टियोद्ध्याचें तें अंग होय. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत लंडनच्या पोलिसदलांतील हॅरी मॅलिन या शिपायाच्या रूपानें तें जगास दिसलें.

मॅलिनचा जन्म १८९२ चा. १९१९ पासून १९२३ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें ब्रिटनमधील हौशी मुष्टियुद्धाचें मध्यम वजनी गटांतील अजिंक्यपद त्याच्याकडे होतें. १९२० सालीं अँटवर्प येथें त्यानें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. इतका लौकिक होऊनहि धंदेवाईक मुष्टियुद्धाकडे तो वळला नाहीं.

हौशी मुष्टियुद्धांत प्रतिस्पर्ध्याला लोळविण्यापेक्षां नेमके व नियमशुद्ध ठोसे मारण्याला महत्त्व असतें. म्हणून पंचांची नजर हाच खेळाडूचा आधार. ती नजरच चुकली तर त्यानें काय करावें?

हा प्रश्न मॅलिनपुढें १९२४ सालीं पॅरिस येथें उभा राहिला. उपउपांत्य फेरींत त्याची गांठ फ्रान्सच्या ब्रूसशीं पडली. लढत संपतांच मॅलिननें छातीवरील दातांचे व्रण पंचांना दाखविले. तरीहि निकाल बहुमतानें ब्रूसच्या बाजूनें लागला. मॅलिननें आकांडतांडव केलें नाहीं. रीतसर तक्रार केली ती एका स्वीडिश अधिकाऱ्यानें. चौकशींत व्रण तपासले गेले, ब्रूसच्या आधींच्या प्रतिस्पर्ध्याचीहि तशीच तक्रार असल्याचें उघड झालें, आणि ब्रूस अपात्र ठरला. चवताळलेल्या प्रेक्षकांनीं एकच गोंधळ माजविला. त्या वातावरणांतहि मॅलिन शांतपणें लढला आणि अंतिम सामन्यांत आपल्याच देशाच्या जॉन इलियटला हरवून त्यानें सुवर्णपदक राखलें. मुष्टियुद्धांतील ऑलिंपिक अजिंक्यपद टिकविणारा तो पहिलाच वीर.

तीनशेंहून अधिक हौशी लढतींत तो एकदांहि हरला नाहीं, असें सांगतात. पुढें १९३७ सालीं लंडनहून टेलिव्हिजनवर दाखविलेल्या मुष्टियुद्धाचें धांवतें वर्णन त्यानें केलें. १९६९ सालीं तो वारला. पॅरिसच्या त्या रात्रीं त्याची मूठ आवळलेलीच राहिली असती, तर कोणीं त्याला दोष दिला नसता. परंतु घंटा झाल्यावर मूठ उघडावयाची असते, हा हौशी खेळाचा पहिला धडा तो विसरला नाहीं.