सागरविद्या, चेटूक आणि आंबागडची विहीर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागड नावाचा जुना किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजेखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग तुरुंगासारखा होऊ लागला. किल्ल्यातील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना बळेच पाजीत व त्यायोगे ते लवकरच मरत, अशी आख्यायिका आहे. येथून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि समुद्राच्या नावाने चालणाऱ्या एका प्राचीन विद्येचे मर्म कळण्यास ही विहीर उपयोगी पडते.

ही विद्या म्हणजे सागराची चेटूकविद्या. युरोपात व अमेरिकेत आजही काही माणसे ती एकट्याने आचरितात. किनाऱ्यावरचे शंखशिंपले वेचून ठेवावेत, समुद्राचे पाणी बाटलीत भरून घरी आणावे, भरतीच्या वेळी इष्ट गोष्टीची इच्छा करावी व ओहोटीबरोबर अनिष्ट सोडून द्यावे, असे तिचे साधारण स्वरूप असते. हिचे एक मूळ नाविकांच्या जुन्या समजुतींत सापडते. उत्तर युरोपातील खलाशी दोरीला मारलेल्या तीन गाठींत बांधलेला वारा विकत घेत. पहिली गाठ सोडली म्हणजे मंद वारा, दुसरी सोडली म्हणजे जोराचा, आणि तिसरी सोडली तर तुफान, अशी त्यांची श्रद्धा होती.

शिडाच्या जहाजावरील मनुष्याला वारा हेच जीवन होते आणि तो त्याच्या ताब्यात नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे या गाठींचे हसू येत नाही. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाला ट्रोब्रियंड बेटांवर हेच आढळले. तेथील लोक शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्राच्या वाटेस जात नसत. खुल्या समुद्रावर, जेथे धोका मोठा व यश अनिश्चित, तेथे मात्र ते त्यावाचून पाऊल टाकीत नसत. जेथे कौशल्य संपते आणि भय उरते, तेथे मंत्राचा आरंभ होतो, असा त्याचा इत्यर्थ.

महाराष्ट्रातही सागराशी असे नाते आहे. परंतु त्याची जात निराळी. श्रावणी पौर्णिमेस कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. येथे सागरावर हुकूम चालवावयाचा नसतो, त्याची विनवणी करावयाची असते. आणि हे कृत्य लपूनछपून नव्हे, तर साऱ्या कोळीवाड्यादेखत होते. देशावर समुद्र नाही, म्हणून विहिरी व तळी यांच्या काठी साती आसरांची स्थापना झाली. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ याचेच रूप. पाण्याकाठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले दिसतात. त्यांना हळदकुंकू वाहणारी बाई चेटूक करीत नसते. खोल पाण्यापासून आपले मूल सुखरूप राहो, एवढेच तिचे मागणे असते.

मग भय कशाचे बाळगावयाचे? मंत्राचे नव्हे, आरोपाचे. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स आपल्या डॅनिश वधूला आणावयास १५८९ मध्ये निघाला असता समुद्रात वादळांनी त्याला गाठले. ती चेटकिणींनी उठविली असे ठरले, आणि अॅग्नेस सॅम्पसन या सुइणीचा छळ करून तिच्याकडून कबुली घेण्यात आली. १५९१ मध्ये तिला मृत्युदंड झाला. वादळ हवेने केले. प्राण मात्र एका बाईचा गेला. आपल्याकडे गावात गुरे मेली, पटकी पसरली की एखाद्या एकाकी विधवेकडे बोट दाखविले जाते, त्यातील न्याय याच जातीचा.

पटकीचे कारण मात्र पुढे सापडले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याला कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात तिचे जंतू आढळले. हे कोणी केले, असे न विचारता पाण्यात काय आहे असे त्याने विचारले, आणि उत्तर हाती आले.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हाच विवेक पाळतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झटून शेवटी प्राण वेचले. त्यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिला छळणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरातील पूजा, यात्रा, प्रदक्षिणा यांस मात्र तो हात लावीत नाही.

तेव्हा कोणी शंख कानाशी धरून भरतीचा नाद ऐकला, अथवा विहिरीच्या काठी कुंकू वाहिले, तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पाण्याचा दोष माणसाच्या माथी मारला म्हणजे. आंबागडच्या आख्यायिकेतही विहिरीने कोणाचा सूड उगविला नव्हता. पाणी साचले होते म्हणून नासले, आणि ते घातक आहे हे जाणून माणसांनीच ते माणसांना पाजले.